कागदावरची खूण आणि दप्तरातली साक्ष

एखादी गोष्ट कायमची ठरली की तिच्यावर ‘शिक्कामोर्तब’ झाले असे आपण म्हणतो. हा शब्द आला मराठेशाहीच्या कागदांवरून. शिक्का पत्राच्या माथ्यावर बसे आणि मोर्तब मजकूर जिथे संपे तिथे, नंतर कोणी एखादी ओळ घुसडू नये म्हणून. त्याच्या जवळपास ‘सूद’, ‘बार’ असे एकदोन शब्द वेगळ्या हाताने लिहिलेले सापडतात. ‘बार’ म्हणजे कागद दप्तरी नोंदला गेल्याची खूण. बारकोडमधल्या ‘बार’शी त्याचा शब्दसंबंध नाही, पण दोघांचे काम एकच: हातातल्या कागदाची जोडी दुसरीकडे ठेवलेल्या नोंदीशी लावून देणे. गावपातळीवर हेच काम निशाण्या करीत. पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, स्त्रीची बांगडी, अशी चित्रे महजरांवर आणि करारांवर काढलेली असत. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही आपली खूण ओळखता येई. क्यूआर कोडच्या काळातही ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

बेळगाव-निपाणी भागात आज मुद्रांकावर, दाखल्यावर, उताऱ्यावर छापलेला काळापांढरा चौकोन किंवा रेघांची पट्टी दिसली की लोक कागद खरा मानतात. माझे म्हणणे असे की कागदावरची कोणतीही खूण स्वतःच्या बळावर खरी नसते. तिचे बळ दप्तरात असते, आणि तेही कागद बाळगणाऱ्याला ते दप्तर वाचता येते तोवरच. याच भागाचा इतिहास ते दाखवतो. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि मोर्तबाची जागा हळूहळू कचेरीच्या शिक्क्याने घेतली. पुढे नोंदणी कायद्याखाली खरेदीखताची नक्कल सरकारी पुस्तकात उतरू लागली आणि मूळ खताच्या पाठीवर पुस्तक, खंड, पान आणि नंबर लिहिला जाऊ लागला. पाठीवरची ती ओळ म्हणजे आजच्या चौकोनाची थेट पूर्वज. तिला ना नक्षी ना रुबाब, पण वाद झाला की त्याच ओळीवरून माणूस सब-रजिस्ट्रारच्या कपाटापर्यंत पोचे.

उलट बाजूचा पुरावाही याच जिल्ह्यातला आहे. अब्दुल करीम तेलगी खानापूरचा. बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात त्याला 2001 मध्ये अटक झाली, 2007 मध्ये तीस वर्षांची शिक्षा झाली आणि 2017 मध्ये तो बंदिवासात असतानाच वारला. अटकेआधी हे प्रकरण वर्षानुवर्षे चालले कसे? मुद्रांकाचा कागद, त्यातले पाणचिन्ह, छपाईची बारीक वेलबुट्टी यांनाच लोक पुरावा समजत होते. स्टॅम्पव्हेंडरच्या वहीत विक्रीची नोंद असे, पण बँकेत वा कचेरीत कागद देताना ती वही कोण उघडून पाहणार? खूण हुबेहूब वठली आणि तेवढ्यावर काम भागले. त्यानंतर ई-मुद्रांकाला जोर आला. त्यात किंमत आहे ती प्रमाणपत्राच्या क्रमांकाला, कारण तो संगणकावर ताडून पाहता येतो.

आता चौकोनाकडे वळू. दुकानातल्या मालावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला 1974 मध्ये, अमेरिकेत. क्यूआर कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी जन्मला. तो मळला, फाटला, तरी जास्तीत जास्त तीस टक्क्यांपर्यंतचे नुकसान सोसून वाचता येतो. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या 2013 च्या आवृत्तीत एका फील्डने बारकोड आणि क्यूआर थेट दस्तात उमटवण्याची सोय आली, 2020 मध्ये लिबरऑफिसमध्येही क्यूआर आला. म्हणजे कोर्टाबाहेरचा टंकलेखक किंवा निपाणीतला डीटीपीवाला, कोणीही, कोणत्याही कागदावर, हवा तो चौकोन छापू शकतो. शिक्का कोरायला निदान कारागीर लागे. इथे तेवढीही अडचण उरलेली नाही.

यावर जाणकार म्हणतील, चौकोनात डिजिटल सही गुंफता येते, मग तो स्वतःच साक्ष देतो. हे खरे आहे आणि मोलाचेही आहे. पण त्या सहीने एवढेच ठरते की अमुक दिवशी अमुक कचेरीने हा मजकूर दिला. उतारा काढल्यावर आठवड्याने जमीन विकली गेली, फेरफार झाला, तर हातातला कागद सहीनिशी खरा आणि तरीही शिळा. घेणाऱ्याला पुन्हा दप्तरातच पाहावे लागते.

आणि दप्तराची भाषा? 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला. जमिनीचे कागद पुढे कन्नडमध्ये लिहिले जाऊ लागले. ‘भूमी’ प्रकल्पात कर्नाटकाने सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले, पंधरा रुपयांत छापील उतारा मिळू लागला, हाताने लिहिलेल्या उताऱ्याची सद्दी संपली. गावकामगाराच्या मर्जीतून शेतकरी सुटला हा त्या कामाचा मोठा गुण, तो सीमाभागातल्या मराठी माणसानेही मोकळेपणी मान्य केला पाहिजे. पण संगणकापुढे उभा असलेला मराठी शेतकरी आपले नाव, आपला गट, आपला बोजा वाचायला दुसऱ्यावरच अवलंबून राहिला.

यावरचा रास्त आक्षेप कन्नड बाजूचा आहे. पेशवाईत आणि तिच्यानंतरही बराच काळ कानडी मुलखाचे हिशेब मोडीत लिहिले गेले. कानडी रयतेला ते वाचता येत नव्हते, आणि शिक्षणखात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांना कन्नडची जागा परत मिळवायला एकोणिसाव्या शतकात झटावे लागले. हे सारे घडले आहे, आणि म्हणूनच तो अन्याय उलट दिशेने चालू ठेवणे बरोबर नाही. राज्यभाषा कन्नड असण्याला कोणाची हरकत नाही. पण जिथे भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्क्यांवर आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व केंद्राच्या 1956 च्या निवेदनातच आहे. खर्चाचा मुद्दा पूर्वी टिकला असता, कारण दोन भाषांत छापायचे तर कागद दुप्पट लागे. आता तोच चौकोन ज्या पानाकडे नेतो ते पान कन्नड आणि मराठी दोन्हींत उघडता येते, कागदावर एक रेघही न वाढवता.

तोवर दस्त लिहिणाऱ्यांना, डीटीपीवाल्यांना आणि ग्रामपंचायतीत बसलेल्या मुलामुलींना एक विनंती. कोणत्याही कागदावर चौकोन छापाल, तेव्हा त्याच्याखाली कचेरीचे नाव, नोंदीचा क्रमांक आणि तारीख बाळबोध अक्षरांत आणि कन्नडमध्येही लिहा.