न कळलेला उपाय

१८९६ साली ग्लासगोच्या डॉ. जॉर्ज बीटसन यांनी एक नवल प्रसिद्ध केले. स्तनाचा कर्करोग हाताबाहेर गेलेल्या एका स्त्रीचे बीजकोश त्यांनी काढले आणि गाठ विरत गेली! का, ते उमगेना. ‘हार्मोन’ हा शब्दच १९०५ सालचा. शिवाय हा गुण तिघींत एखादीलाच येई. बाकीच्यांच्या वाट्याला नुसत्या यातना.

१९५८ च्या सुमारास शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी इस्ट्रोजेनचा माग काढला, तेव्हा काही पेशींत त्याला धरून ठेवणारे ग्राहक-प्रथिन सापडले. हार्मोन ही किल्ली, ग्राहक हे कुलूप. गाठीत कुलूपच नसेल, तर किल्ली हिरावून काय उपयोग? पुढे संततिनियमनासाठी शोधलेले टॅमॉक्सिफेन त्या कुलपातच अडकवून ठेवता आले. आज गाठीचा तुकडा तपासूनच उपचार ठरतो. कित्येकींवरचा निष्फळ चाकू टळला, तो या शोधामुळे.