मेलबर्नचा मानकरी : नेव्हिल डिसूझा

व्याख्यानमालेत संत, सेनापती आणि समाजसुधारक ह्यांची चरित्रे नेहमीच होतात. फुटबॉल खेळणाऱ्या माणसाला त्यांच्या पंक्तीस बसवावे काय, अशी शंका आमच्या काही ज्येष्ठ श्रोत्यांस येणे स्वाभाविक आहे. तथापि गोंदियाची ह्या खेळाशी काहीच सोयरीक नाही असे मात्र म्हणता येणार नाही. कोलकाता आणि मुंबई ही आपल्या देशातील फुटबॉलची दोन जुनी पीठे. त्यांना नागपूरमार्गे जोडणारा लोहमार्ग आपल्याच स्थानकावरून जातो. तो मार्ग कित्येक वर्षे ज्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे होता, तिचा संघ कोलकात्याच्या लीगमध्ये नावाजलेला होता. आणि पुढे, २००९ ते २०२२ ह्या काळात, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपदही गोंदियाच्याच प्रफुल्ल पटेल ह्यांच्याकडे होते. तेव्हा ह्या खेळातील एका मोठ्या आघाडीवीराची ओळख करून घेण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

नेव्हिल डिसूझा ह्यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यात बार्देशातील आसगाव येथे झाला. त्याच बार्देशात शिवोली येथे १८८३ मध्ये विल्यम लायन्स नावाच्या एका पाद्र्याने फुटबॉल आणला, असे सांगतात. पोटापाण्यासाठी गोवेकर मुंबईस येई तेव्हा हा खेळही त्याच्याबरोबर येई. धोबी तलावाच्या परिसरातील 'कूड' म्हणजे एकेका गावच्या मंडळींनी चालविलेली बिऱ्हाडे; खलाशी आणि चाकरमाने तेथे उतरत. मुंबईच्या फुटबॉलला कसदार माणसे पुरविण्याचे श्रेय आम्ही ह्या गोवेकर वस्तीला मोठ्या प्रमाणात देऊ. कुपरेजचे मैदान, १८९१ पासूनचा रोव्हर्स करंडक आणि खेळाडूंना नोकरी देणाऱ्या कंपन्यांचे संघ, ह्या वातावरणात डिसूझा तयार झाले. ते टाटांच्या संघातून खेळत. १९५४ मध्ये मुंबईने संतोष करंडक प्रथमच जिंकला, त्या संघात ते होते.

त्यांची खरी कीर्ती मेलबर्नची. पण तीकडे वळण्यापूर्वी चार वर्षे मागे जावे लागते. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्या संघाला दहा विरुद्ध एक असे धुवून काढले होते. आपले कित्येक गडी अनवाणी खेळत. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक, हे प्रशिक्षक होते. त्यांनी संघ पुन्हा उभा केला आणि कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी ह्यांच्या नेतृत्वाखाली तो १९५६ मध्ये मेलबर्नला गेला.

पहिल्या फेरीत हंगेरीशी गाठ होती, पण हंगेरीने आपला फुटबॉल-संघ मागे घेतला आणि भारत न खेळताच पुढे गेला. १ डिसेंबर रोजी सामना पडला तो यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटाला डिसूझांनी गोल केला. सतराव्यास ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहेतिसाव्यास पुन्हा डिसूझा, एक्केचाळिसाव्यास पुन्हा बरोबरी. पन्नासाव्या मिनिटाला त्यांचा तिसरा गोल झाला आणि मग किट्टू ह्यांनी चौथा चढविला. चार विरुद्ध दोन! ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक साधणारा हा पहिला आशियाई खेळाडू, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश.

त्या स्पर्धेत अवघे अकरा संघ होते, एका विजयाने उपांत्य फेरी मिळाली, तेव्हा ह्या पराक्रमाचे एवढे कौतुक कशाला, असा आक्षेप जाणकार घेतात. आक्षेप खोटा नाही. पण त्याच महिन्यात, १२ डिसेंबरला, सिडनी येथे दोन्ही संघ पुन्हा भेटले तेव्हा भारताने सात विरुद्ध एक असा विजय मिळविला, हेही त्याच जमाखर्चात मांडले पाहिजे. शिवाय ४ डिसेंबरचा उपांत्य सामना होताच. समोर तोच युगोस्लाव्हिया. बावन्नाव्या मिनिटाला डिसूझांनी गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. हेलसिंकीचे दहा गोल ज्यांना आठवत होते त्यांना त्या क्षणी काय वाटले असेल! आघाडी टिकली नाही. सामना चार विरुद्ध एक असा गेला. कांस्यपदकासाठी बल्गेरियाने तीन गोलांनी हरविले आणि भारत चौथा आला. चार गोल करून डिसूझा मात्र स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत राहिले. दुसरे दोघे युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह.

आम्हांला ह्या कथेतील एक गोष्ट सर्वांत अधिक विचार करण्याजोगी वाटते. १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोव्याच्या सीमेवर सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि मग सीमा बंद झाली. मुंबईतील गोवेकरांना गावी जाणे दुरापास्त झाले. ज्या गड्याच्या बळावर भारत मेलबर्नला चौथा आला, त्याचे जन्मगाव त्या दिवशी भारतात नव्हते. तेथे पोर्तुगालचा झेंडा होता. आसगाव भारतात आले ते १९६१ च्या डिसेंबरात, मेलबर्ननंतर पाच वर्षांनी.

अर्जुन पुरस्कार त्याच १९६१ साली सुरू झाले. फुटबॉलचा पहिला पुरस्कार मेलबर्नच्या संघातीलच प्रदीपकुमार बॅनर्जी ह्यांना मिळाला. नेव्हिल डिसूझांना तो कधीच मिळाला नाही. त्यांचे बंधू डेरेक हेही भारताकडून खेळले. १७ मार्च १९८० रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, नेव्हिल डिसूझा मुंबईत निवर्तले. १९६० च्या रोमनंतर भारताचा फुटबॉल-संघ ऑलिंपिकला गेलेला नाही.