बाष्प टर्बाइनच्या रोटरची वितळजोड दुरुस्ती : तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेणारे बाष्प टर्बाइन तयार केले, ही नोंद कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. त्याच कुळातील यंत्र तीस-चाळीस वर्षे चालून झिजले, त्याला तडे गेले, म्हणजे त्याचे काय करतात, याची नोंद मात्र इतिहासग्रंथांत क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात टर्बाइनच्या रोटरची वेल्डिंगने होणारी दुरुस्ती हा विषय घेतला आहे. (‘वितळजोड’ हा परिभाषेतील शब्द अर्थवाही आहे, कारखान्यात मात्र ‘वेल्डिंग’च चालते. येथे दोन्ही वापरले आहेत.) पोलाद जोडण्याची कला हाती असूनही ही दुरुस्ती रूढ होण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले. असे का व्हावे? लेखकाच्या मते याचे उत्तर वेल्डिंगच्या इतिहासात कमी आणि पोलाद कसे तुटते या ज्ञानाच्या इतिहासात अधिक आहे.

रोटर म्हणजे टर्बाइनचा फिरणारा गाभा. त्याच्या परिघावरील खाचांत पात्यांच्या रांगा बसवलेल्या असतात. आपल्याकडील विजेच्या वारंवारतेनुसार तो सामान्यतः मिनिटाला ३,००० फेरे घेतो. या वेगाला अक्षापासून एक मीटर अंतरावरील एक किलोग्रॅम वस्तुमान सुमारे दहा टन वजनाइतक्या जोराने बाहेर ओढले जाते. म्हणजे पाते ज्या खाचेत अडकलेले असते, त्या खाचेच्या कडेवर किती भार येत असेल याची कल्पना करता येईल. अशा जागी वितळलेला धातू भरून नवी खाच कापायची, ही कल्पना जुन्या अभियंत्यांना साहसाची वाटली, यात नवल नाही.

विश्वास आणि अविश्वास

वेल्डिंगची प्रतिष्ठा मुळात दुरुस्तीच्या कामातूनच वाढली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या बंदरांत अडकून पडलेल्या अनेक जर्मन जहाजांची यंत्रे खलाशांनी आधीच फोडून ठेवलेली होती. त्यांचे तडकलेले ओतीव सिलिंडर विद्युत वेल्डिंगने सांधून ती जहाजे अंदाजापेक्षा कितीतरी लवकर समुद्रात उतरवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाने याच्या नेमका उलट धडा दिला. १६ जानेवारी १९४३ रोजी ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे संपूर्ण वितळजोडीचे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले असताना, शांत पाण्यात, जवळजवळ दुभंगले. रिव्हेटने जोडलेल्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेला येऊन थांबण्याची शक्यता असते. अखंड जोडलेल्या जहाजात तो पुढेच जातो. पुढे तेच जहाज दुरुस्त होऊन सेवेत दाखल झाले, पण लोकांच्या स्मरणात राहिले ते त्याचे तुटणे.

रोटरच्या क्षेत्रात याच काळात एक वेगळी परंपरा उभी राहत होती. स्वित्झर्लंडमधील बाडेन येथील ब्राउन बोव्हेरी या कंपनीने १९३० च्या सुमारास लहान लहान घडीव चकत्या परिघावर एकमेकींना वितळजोडाने सांधून रोटर बनवण्यास प्रारंभ केला. त्यामागील विचार व्यवहारी होता. प्रचंड आकाराचा एकसंध घडीव ठोकळा मिळणे कठीण, आणि मिळाला तरी त्याच्या पोटात काय दडले आहे हे कळणे त्याहून कठीण. लहान चकती नीट तपासता येते. ही पद्धत पुढे आल्स्टॉम कंपनीकडे वारशाने आली आणि अणुवीज केंद्रांसाठीच्या ‘अराबेल’ टर्बाइनमध्येही टिकली. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरच्या प्रस्तावित प्रकल्पासंदर्भात ज्या टर्बाइनचे नाव घेतले जाते, ते हेच. थोडक्यात, वितळजोड असलेला रोटर दशकानुदशके निर्धोकपणे फिरू शकतो, हे उघड होते. तरीही जुन्या एकसंध रोटरच्या दुरुस्तीसाठी वेल्डिंग वापरण्याचे अन्यत्र दीर्घकाळ टाळलेच गेले. तडा गेलेला भाग कापून काढणे, मध्यछिद्र मोठे करून सदोष धातू खरवडणे, पात्यांची एखादी रांगच काढून टाकून कमी शक्तीवर यंत्र चालवणे, आणि काहीच जमले नाही तर रोटर भंगारात काढणे, हेच प्रचलित उपाय होते. वैद्यकाच्या भाषेत सांगायचे तर शस्त्रक्रिया म्हणजे केवळ अवयव कापणे होते. कलम करणे नव्हते.

तुटण्याचे शास्त्र

या संकोचाला भक्कम कारणे होती. १९५३-५४ मध्ये अमेरिकेत टर्बाइन व जनित्रांचे अवजड रोटर फुटण्याच्या अनेक घटना घडल्या. डिसेंबर १९५४ मध्ये शिकागोजवळील रिजलंड वीजकेंद्रातील टर्बाइनचा रोटर फुटला, तेव्हा पोलादात अडकलेल्या हायड्रोजनमुळे पडलेल्या सूक्ष्म भेगा कारणीभूत असल्याचे आढळले. यानंतर निर्वात अवस्थेत पोलाद ओतून त्यातील वायू काढण्याची पद्धत वेगाने स्वीकारली गेली.

परंतु या अपघातांचा अधिक दूरगामी परिणाम गणितावर झाला. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास काचेसाठी मांडलेला तड्याचा सिद्धांत जॉर्ज अर्विन यांनी १९५० च्या दशकात धातूंना लागू पडेल अशा रूपात विकसित केला. जनरल इलेक्ट्रिकमधील विन आणि वुंट यांनी १९५८ मध्ये तो फुटणाऱ्या चकत्या व रोटर यांना लावून दाखवला. ‘तडा आहे की नाही’ या प्रश्नाची जागा आता ‘एवढ्या ताणाखाली किती लांबीचा तडा धोक्याचा’ या प्रश्नाने घेतली. वरवर पाहता हा किरकोळ बदल वाटेल. पण लेखकाच्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणाचा कणा हाच आहे. सर्वस्वी निर्दोष जोड कोणीही देऊ शकत नाही. दोषाची मर्यादा मोजता येऊ लागली, तेव्हाच जोड स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची भाषा उपलब्ध झाली.

१९ जून १९७४ रोजी टेनेसी राज्यातील गॅलटिन वीजकेंद्राच्या दुसऱ्या संचाचा रोटर थंड अवस्थेतून सुरू होत असताना, पूर्ण वेग गाठण्यापूर्वीच फुटला. तो सुमारे १,०६,००० तास चाललेला होता. मध्यछिद्रालगत मँगॅनीज सल्फाइडच्या अशुद्धींचे पुंजके होते आणि त्यांतून वाढत गेलेल्या तड्यांनी त्याचा घात केला. १९५० च्या दशकातील पोलादाचे असे असंख्य रोटर त्या वेळी जगभर फिरत होते. त्यांची मध्यछिद्रे श्राव्यातीत ध्वनितरंगांनी तपासण्याची आणि उरलेले आयुष्य गणिताने ठरवण्याची पद्धत यानंतर रुळली. पालो आल्टो येथील विद्युत ऊर्जा संशोधन संस्थेचा (ईपीआरआय) त्यात मोठा वाटा होता.

दुरुस्तीची रीत

१९८० च्या दशकात अमेरिकेत नव्या वीजकेंद्रांची मागणी ओसरली आणि जुनी केंद्रे अधिक काळ चालवण्याची निकड निर्माण झाली. नवा घडीव रोटर मिळण्यास प्रसंगी वर्षाहून अधिक काळ लागे. अशा वेळी वितळजोड दुरुस्तीने जोर धरला. मात्र तिच्या वाटेत धातूनेच अडचणी मांडलेल्या होत्या. रोटरच्या पोलादात क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम आणि कमी तापमानाच्या भागासाठी निकेल असते. वेल्डिंगच्या उष्णतेनंतर असे पोलाद झटकन थंड झाले की जोडालगतचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो आणि हायड्रोजन त्याला तडकवतो. म्हणून रोटर आधी तापवून ठेवावा लागतो. काम झाल्यावर ताण घालवण्यासाठी पुन्हा तापवावे, तर क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम पोलादात त्या तापवण्यानेच नवे तडे पडण्याची भीती. शिवाय शतांश मिलिमीटरच्या हिशेबात सरळ असणारा दंड वाकता कामा नये. यासाठी तो उभा टांगून तापवण्याची रीत पडली.

प्रत्यक्ष काम पाहणाऱ्याला संथ वाटते. रोटर सावकाश फिरत राहतो, वेल्डिंगचे टोक एका जागी स्थिर असते आणि धातूचा एकेक पदर परिघावर चढत जातो. मोठी भर चुकटीच्या थराखाली चालणाऱ्या चापाने घालतात. नाजूक जागी निष्क्रिय वायूच्या आवरणातील टंगस्टन चाप वापरतात. पात्यांच्या खाचांच्या जागी बारा टक्के क्रोमियम असलेला धातू भरण्याचाही प्रयोग झाला, कारण दमट वाफेत ताणाखाली होणाऱ्या गंजतड्यांना तो मूळ पोलादाहून चांगला तोंड देतो. म्हणजे काही ठिकाणी दुरुस्त भाग मूळ भागापेक्षा सरस ठरला.

ज्या कारागिरांनी हे पदर चढवले, त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. संशोधन-अहवालांत आढळतात ती तापमाने आणि काठिण्याचे आकडे. परंतु त्यांच्या हातची विद्या दुरुस्तीपुरती राहिलेली नाही. दहा-बारा टक्के क्रोमियमच्या नव्या रोटरचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग घर्षणाने खरवडले जातात, म्हणून कोऱ्या रोटरवरच त्या जागी कमी क्रोमियमच्या पोलादाचा वितळजोड थर चढवून तो कारखान्याबाहेर पाठवण्याची पद्धत आता रूढ आहे.