दोन एकर धानाच्या शेतीलाही मृत्युपत्र लागतं का? वारस, नॉमिनी आणि वाटणी समजून घ्या

गोंदिया जिल्ह्यात खरिपाचा धान निघाला की आधारभूत खरेदी केंद्राच्या नोंदणीसाठी सातबारा शोधला जातो. पीक कर्जालाही तोच लागतो. अनेक घरांत नेमकं तेव्हाच लक्षात येतं की सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे.

हा प्रश्न राज्यभर इतका मोठा आहे की मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी महसूल विभागाने १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली. पण नाव लागलं म्हणजे वाद मिटला, असं नाही. सातबारा आणि फेरफार या महसुली नोंदी आहेत, त्यावरून मालकी ठरत नाही. जमीन कोणाला मिळणार हे वारसा कायदा ठरवतो, किंवा मृत्युपत्र. मालमत्तेचं नियोजन म्हणजे यातलं काय चालेल, हे हयातीतच ठरवून ठेवणं.

मृत्युपत्र केलं नाही तर काय होतं?

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे आणि तो बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू होतो. मृत्युपत्र न करता पुरुषाचं निधन झालं, तर त्याची मालमत्ता पहिल्या वर्गातल्या वारसांना सारखी मिळते. त्यात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आईसुद्धा येते. आईचा हिस्सा सर्रास विसरला जातो.

लग्न झालेल्या बहिणीचं नाव वारस नोंदीतून 'राहून जातं', तेही ओळखीचंच. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात नव्हते तरी हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने स्वतःच्या मर्जीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं असतं. रक्षाबंधनाला तोंडी दिलेल्या शब्दाला कायद्यात किंमत नाही.

मृत्युपत्र करायचं कसं?

साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प ड्युटी लागत नाही आणि नोंदणीची सक्ती नाही. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार मात्र हवेतच. मृत्युपत्र करणाऱ्याने सही करताना साक्षीदारांनी पाहिलेलं असावं आणि त्यांनीही त्याच्यासमोर सही करावी. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करणं टाळलेलं बरं, कारण पुढे संशय तिथूनच सुरू होतो. वय जास्त असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणीही करून घ्यावी. जमिनीचा गट नंबर आणि क्षेत्र न चुकता लिहावं. 'तलावाकडच्या बांध्या धाकट्याला' एवढ्यावर भागत नाही.

मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं ग्राह्य धरलं जातं. स्वकष्टाची मालमत्ता कोणालाही देता येते, वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र फक्त स्वतःच्या हिश्शापुरतंच लिहिता येतं. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशच मालमत्ता मृत्युपत्राने देता येते.

हयातीतच वाटणी करायची असेल आणि सगळे सहमत असतील, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मुला-मुलीला किंवा नातवंडांना शेती बक्षीसपत्राने दिली तर स्टॅम्प ड्युटी २०० रुपये आहे, नोंदणीचा खर्च वेगळा. पण बक्षीसपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. सगळं नावावर करून दिल्यावर म्हातारपणी हात पसरायची वेळ येऊ नये, म्हणून बहुतेकांसाठी मृत्युपत्रच बरं.

बँकेत नॉमिनी आहे, मग पुरे ना?

नाही, आणि सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांचं २०१३ मध्ये निधन झालं. त्यांच्या मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनी नेमलेले होते. नॉमिनी मालक होतो का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालानुसार नॉमिनीला पैसे किंवा शेअर ताब्यात मिळतात, पण मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. आयुर्विम्यात थोडा फरक आहे. तिथे पती-पत्नी, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर रकमेवर त्यांचाच हक्क असतो.

देवरी, सालेकशातल्या आदिवासी कुटुंबांचं काय?

अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही, तिथे रूढी पाहिली जाते. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. स्त्रियांना वारसा नाकारणारी रूढी सिद्ध होत नसेल, तर त्यांनाही समान हिस्सा मिळतो, असं न्यायालयाने म्हटलं.

वनहक्क कायद्याखालचा पट्टा वारसाने पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. विवाहित असाल तर पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने असायला हवा. त्यामुळे नवऱ्यामागे बायकोची सोय कायद्यातच आहे. तिचं नाव कागदावर खरंच आहे का, एवढं आजच पट्टा काढून बघता येईल.