अनोळख्याची अदब

आबिड्सच्या चौकात दोन परिचित गृहस्थ समोरासमोर आले, की एक जुने दृश्य आजही कधी कधी पाहावयास मिळते. दोघेही किंचित वाकतात, उजवा हात कपाळापर्यंत जातो, 'आदाब' होतो, आणि घरच्या मंडळींची विचारपूस झाल्यावाचून कामाची गोष्ट कोणी काढीत नाही. मात्र हे सारे सौजन्य पादचारीमार्गाच्या अगदी मध्यभागी चाललेले असते. कडेवर मूल घेतलेली बाई, डोक्यावर ओझे असलेला हमाल, काठी टेकीत येणारा वृद्ध यांना खाली उतरून मोटारींच्या गर्दीतून वाट काढावी लागते. निरोप घेताना दोघांपैकी एक जण तोंड वळवतो आणि विड्याची पिचकारी भिंतीच्या पायथ्याशी सोडतो. मित्राच्या अंगावर एक शिंतोडा उडू नये म्हणून तो केवढी काळजी घेतो! भिंत मात्र कोणाचीच नसते.

या माणसाला असंस्कृत म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. वडीलधाऱ्यांसमोर कसे बसावे, पाहुण्याला पानसुपारी कोणत्या हाताने द्यावी, दरवाजात प्रथम पाऊल कोणी टाकावे, याचे शिक्षण त्याला उत्तम मिळालेले असते. उणीव शिष्टाचाराची नाही. त्या शिष्टाचाराचा हिशेब ज्या माणसांपर्यंत येऊन थांबतो, त्या मर्यादेची आहे. ही मर्यादा कशी पडली, हे समजून घ्यावयाचे तर आबिड्सचाच इतिहास पाहावा लागतो.

हैदराबाद शहर १५९१ मध्ये मुसी नदीच्या दक्षिण तीरावर वसले. तटबंदीच्या आतले ते शहर ड्योढ्यांचे आणि मोहल्ल्यांचे होते. प्रत्येक ड्योढीला आपला धनी, आपले नोकरचाकर, आपले आश्रित. गल्लीत येणारा माणूस कोणाचा कोण, हे गल्लीला ठाऊक असे. अदब ही या व्यवस्थेची भाषा होती. समोरच्याचा दर्जा, वय आणि नाते पाहून ती कमीअधिक होई. ज्याचा दर्जा कळत नाही, वय विचारता येत नाही आणि नाते तर मुळीच नाही, अशा माणसाशी कसे वागावे, हा प्रश्न त्या गल्ल्यांतून क्वचितच उपस्थित होत असे.

नदीच्या उत्तरेस मात्र निराळे शहर आकार घेत होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ब्रिटिश रेसिडेन्सी उभी राहिली, तिच्या आश्रयाने पेठ वाढली, आणि चादरघाट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागाला १८८६ मध्ये स्वतंत्र नगरपालिका मिळाली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी आल्बर्ट आबिद नावाचा एक आर्मेनियन गृहस्थ होता. त्याने या भागात दुकान थाटले. दुकान गेले, दुकानदार गेला. पण 'आबिद शाप' हे नाव लोकांच्या तोंडी बसले आणि त्याचेच पुढे आबिड्स झाले. राजाचे, सरदाराचे किंवा साधुपुरुषाचे नाव धारण करणाऱ्या पेठा पुष्कळ आहेत. परक्या मुलखातून आलेल्या दुकानदाराचे नाव ज्या पेठेने धारण केले, तिचा स्वभाव त्या नावातच सांगितलेला आहे. ही पेठ पहिल्यापासून अनोळखी माणसांची होती.

पुढील अर्धशतकात येथे अनोळखी माणसांना एकत्र आणणारी एकेक संस्था उभी राहिली. १९०७ मध्ये जवळच नामपल्लीचे रेल्वे स्थानक बांधले गेले. १९३२ च्या जूनमध्ये निजामाच्या रेल्वेने सत्तावीस मोटारबसगाड्यांनिशी रस्त्यावरील वाहतूक सुरू केली. १९३५ मध्ये थोड्याच अंतरावर मोअज्जम जाही मार्केटची दगडी इमारत उभी राहिली. टपाल कचेरी, इराण्यांची हॉटेले, पॅलेस टॉकीज, झमरूद महल, सागर टॉकीज यांसारखी चित्रपटगृहे यांनी आबिड्स गजबजून गेले. ती चित्रपटगृहे आज राहिलेली नाहीत. परंतु शहराला एका अंधाऱ्या खोलीत शेकडो परक्यांसमवेत बसावयास शिकविण्याचे काम त्यांनी केले.

हे शिक्षण सोपे नव्हते. ड्योढीत पुढची जागा कोणाची, हे दर्जावरून ठरे. तिकिटाच्या खिडकीपुढे ते केवळ येण्याच्या क्रमावरून ठरू लागले. रांग ही दिसावयास साधी वस्तू आहे, पण तिच्या पोटात मोठी क्रांती दडलेली आहे. तीत जहागीरदाराचा मुलगा आणि त्याच्या घोड्याचा मोतद्दार यांच्यातला फरक एवढाच, की एक आधी आला आणि दुसरा मागाहून. रांग मोडून पुढे घुसणारा माणूस घाईत असतो असे समजले जाते. वस्तुतः पुष्कळदा तो घाईत नसतो, तर जुन्या काळात असतो. आपण कोण आहोत हे खिडकीतल्या कारकुनाने ओळखावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

हॉटेलातल्या संगमरवरी टेबलाचेही तसेच. चार खुर्च्यांवर चार परके बसत, एकच वर्तमानपत्र चौघांत फिरे, आणि एका प्याल्यावर दुपार काढणाऱ्याला कोणी उठवीत नसे. आबिड्सच्या ओरिएंट हॉटेलात मख्दूम मोहिउद्दीन यांच्यासारखे कवी, पत्रकार आणि राजकीय कार्यकर्ते तासन् तास चर्चा करीत. त्या उदारपणातून शहराला एक बौद्धिक जीवन लाभले. पण उदारपणा आणि बेपर्वाई यांच्यामधली भिंत फार पातळ असते. चर्चा रंगली म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपले बोलणे स्वतःशीसुद्धा करता येईना. चित्रपटगृहात उशिरा येऊन साऱ्या रांगेला उठविणारा, पडद्यावर पुढे काय होणार हे मोठ्याने सांगणारा, बसमध्ये स्त्रियांसाठी राखलेल्या पुढच्या जागेवर बसून खिडकीबाहेर पाहण्यात एकाएकी गढून जाणारा, या सर्व व्यक्ती याच काळाने जन्मास घातल्या. त्या अद्याप निवृत्त झालेल्या नाहीत. पूर्वीचा मोठ्या आवाजाचा रेडिओ गेला. त्याच्या जागी खिशातला दूरध्वनी आला, आणि एकाचे खाजगी संभाषण साऱ्या बसला ऐकावे लागू लागले.

या परक्यांमध्ये मराठी माणूस मोठ्या संख्येने होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात होते, आणि त्यांची राजधानी हीच होती. नांदेड-परभणीकडचा शेतकरी अपिलाच्या कामासाठी, विद्यार्थी उस्मानिया विद्यापीठात शिकण्यासाठी, व्यापारी माल भरण्यासाठी मनमाडच्या लोहमार्गाने येऊन काचीगुडा स्थानकावर उतरे. शहरात विवेकवर्धिनीसारख्या मराठी संस्था होत्या, नातेवाईक होते. तेथे तो घरचा होता. पण आबिड्सच्या रस्त्यावर तो कोणाचाच नव्हता. दखनी उर्दू त्याला कळे, पण बोलताना जीभ अडखळे. शहरात नवखा असलेला असा माणूस रांगेत मागे ढकलला गेला तर भांडू शकत नाही. पादचारीमार्गावरून त्याला खाली उतरावे लागले तर तो मुकाट्याने उतरतो. सार्वजनिक बेपर्वाईचा पहिला भार नेहमी अशाच माणसावर पडतो. ज्याची ओळख आहे त्याला वाट मिळते. ज्याची नाही, त्याला केवळ नियमाचाच आधार असतो. म्हणून रांग, पादचारीमार्ग आणि राखीव जागा या गोष्टी सुखवस्तू शहरवासीयाच्या सोयीपुरत्या नाहीत. दुबळ्या माणसाची ती हक्काची मिळकत आहे.

नियम करण्याचे प्रयत्नही थोडे झाले नाहीत. हैदराबादेत नगरप्रशासनाची सुरुवात १८६९ मध्ये झाली. १९३३ मध्ये चादरघाटची नगरपालिका हैदराबादच्या नगरपालिकेत विलीन झाली. फसली सन १३४८, म्हणजे इसवी सन १९३८-३९ च्या सुमारास हैदराबाद शहर पोलीस कायदा आला आणि रहदारी व सार्वजनिक सुव्यवस्थेसंबंधी नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांस मिळाला. संस्थान विलीन झाल्यावर भारतीय दंडविधानही येथे लागू झाले. सार्वजनिक उपद्रवाबद्दल त्यात १८६० मध्ये जास्तीत जास्त दोनशे रुपये दंड ठरविला होता. त्या काळी ही लहान रक्कम नव्हती. पण दीडशेहून अधिक वर्षे तोच आकडा कायम राहिला, आणि रुपयाबरोबर उपद्रवही स्वस्त होत गेला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही मर्यादा एक हजार रुपयांची झाली.

ही कुचंबणा एकट्या हैदराबादची नव्हे. प्राचीन रोममध्ये ज्यूलियस सीझरच्या काळात रस्त्यांवरील गर्दी टाळण्यासाठी दिवसा गाड्या हाकण्यास बंदी झाली. परिणाम असा, की गाड्या रात्री खडखडू लागल्या, आणि रोमन कवी जूव्हेनाल याला पुढे झोप मिळत नसल्याबद्दल कविता लिहावी लागली. गणकयंत्राचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज याने लंडनच्या रस्त्यांवर वाद्ये वाजविणाऱ्यांशी कित्येक वर्षे झुंज दिली. १८६४ मध्ये त्याच्या बाजूने कायदाही झाला. पण तोपर्यंत वाजंत्री मुद्दाम त्याच्याच खिडकीखाली जमू लागले होते. कायद्याने उपद्रव एका वेळेवरून दुसऱ्या वेळेवर किंवा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत ढकलता येतो. तो नाहीसा करावयाचा तर माणसाच्या मनातला दुसऱ्याबद्दलचा हिशेब बदलावा लागतो.

हा हिशेब किती गंभीर आहे, हे मुसीकाठच्या शहराने भोगून पाहिले आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. अफजलगंजच्या बाजूला एका चिंचेच्या झाडावर सुमारे दीडशे लोकांनी आश्रय घेतला आणि ते वाचले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात पुढे जतन केले गेले. त्या फांद्यांवर कोणी कोणाचा दर्जा विचारला नसेल; तसे करण्यास वेळ नव्हता. पुरानंतर विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. जलाशयांच्या आणि सांडपाण्याच्या योजना आखल्या गेल्या, आणि उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. दरम्यान १९११ मध्ये प्लेग आला, आणि १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले. संकटाने शिकविलेला पाठ एकच होता. पाणी आणि रोग ओळखपाळख पाहत नाहीत. ज्या गटारात एकाने कचरा टाकला, त्याचे पाणी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर चढते.

थुंकण्याचेही तेच. रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधून काढले. क्षयरोग्याची थुंकी धोक्याची असते हे उमगल्यावर न्यूयॉर्क शहराने १८९६ मध्ये सार्वजनिक जागी थुंकण्यास मनाई केली. 'येथे थुंकू नये' ही पाटी तेव्हापासून जगभर भिंतींवर दिसू लागली. आणि पुष्कळदा त्याच पाटीखाली तिच्या अपमानाचे तांबडे पुरावेही. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा तेलंगण शासनाला सार्वजनिक जागी थुंकण्यावर पुन्हा बंदी जाहीर करावी लागली. शतकाहून जुना पाठ नव्याने वाचावा लागला, कारण दरम्यान तो विसरला गेला होता.

महाराष्ट्राला हा पाठ एका झाडूने शिकविला होता. गाडगेबाबा ज्या गावी जात, तेथे आधी रस्ता झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. ज्या गावात आपले घर नाही, सोयरे नाहीत, तेथलाही रस्ता आपला मानणे, ही त्या झाडूची शिकवण होती. १९५६ च्या डिसेंबरात बाबा गेले. त्यांच्या नावाची स्वच्छता अभियाने पुढे निघाली. पण त्यांनी जे केले ते मुळात अभियान नव्हते. ती अनोळखी माणसाची अदब होती.

आबिड्सला ही अदब अगदीच अपरिचित आहे असेही नाही. रविवारी येथली पुष्कळशी दुकाने बंद असतात. बंद दारांपुढे, पादचारीमार्गावर, जुनी पुस्तके मांडून विक्रेते बसतात, आणि कित्येक दशके हा बाजार भरत आला आहे. त्याच फरशीवर इतर दिवशी धक्काबुक्की चालते. रविवारी तेथे माणसे उकिडवी बसून पाने उलटीत असतात. मागून येणाऱ्याला वाट मिळावी म्हणून वाचणारा गुडघे आवळून घेतो. एकाने हातात घेतलेल्या पुस्तकावर दुसऱ्याची नजर असली, तरी पहिल्याने ते खाली ठेवीपर्यंत तो थांबतो. तेथे दंड नाही, पाटी नाही, शिपाई नाही. जागा अपुरी आहे आणि ती सर्वांची आहे, एवढी जाणीव मात्र आहे.

हैदराबादने अदबीची एवढी मोठी परंपरा निर्माण केली, की तिच्या गोष्टी दूरदूर सांगितल्या जातात. त्या परंपरेला नवे काही शिकावयाचे नाही. फक्त एक पाऊल पुढे टाकावयाचे आहे. मित्रासाठी कपाळापर्यंत जाणारा हात परक्यासाठी निदान वाट मोकळी करण्याइतका हलला, म्हणजे एका परदेशी दुकानदाराच्या नावाने वसलेल्या या पेठेचे ऋण फिटेल.