मागे जायची सोय: कागदी पट्टीपासून पार्सरपर्यंत

ऐकताय ना, की घाटकोपरच्या पुलावर गर्दीत अडकलाय? अडकला असाल तर आजचा विषय तुमचाच आहे: मागे फिरायचं कसं?

आधी एक वाक्य ऐका. 'आजोबांचं पत्र वाचलं...' इथे थांबू. डोक्यात काय आलं? कुणीतरी पत्र उघडून वाचलं, बरोबर? आता पुढचं ऐका: '...कारण २६ जुलैचं पाणी वरच्या कप्प्यापर्यंत आलंच नाही.' झालं! 'वाचलं'चा अर्थच बदलला. तुमचं डोकं गुपचूप मागे गेलं, दुसरा अर्थ लावला आणि पुढे आलं. याला म्हणतात बॅकट्रॅकिंग. मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्रॅम म्हणजे पार्सर, आणि त्यालाही हे करावं लागतं.

पण तुम्ही मागे जाऊ शकलात, कारण वाक्य अजून कानात होतं. पार्सरला अक्षरं एकामागून एक मिळतात, नळातून पाणी यावं तशी. त्या नळाचं नाव इनपुट स्ट्रीम. गेलेलं पाणी परत मिळेल का, हे पार्सरच्या हातात नसतं. ते स्ट्रीमने कबूल करावं लागतं. आजची सगळी गोष्ट या कबुलीची आहे.

सुरुवात आपल्या मुंबईतून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९६० साली एक मोठा कम्प्युटर पूर्णपणे कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. मेमरी किती? ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० केबी. प्रोग्रॅम आत जायचा भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. पट्टी पुढे सरकली की ते अक्षर गेलं. पुन्हा हवं असेल तर ते मेमरीत ठेवा, आणि मेमरी तर सोन्याच्या भावाची.

त्यामुळे त्या काळातल्या शहाण्या लोकांनी मागे जायची गरजच टाळायचं ठरवलं. १९६५ साली डोनाल्ड क्नूथ यांनी एलआर पार्सिंगची पद्धत मांडली. डावीकडून उजवीकडे एकदाच वाचायचं, फार तर ठरावीक अक्षरं पुढे डोकावायचं, मागे वळायचं नाही. पुढे सी भाषेत 'अनगेटसी' नावाचं फंक्शन आलं: वाचलेलं अक्षर परत नळात ढकला. पण १९८९ च्या स्टँडर्डमध्ये खात्री किती अक्षरांची? फक्त एका! १९९६ साली जावा आली, तिच्यात 'मार्क' आणि 'रिसेट' होतं. इथे खूण कर, नंतर मी इथे परत येईन. मात्र किती लांब जाणार ते आधीच सांगायचं. रिटर्न तिकिटासारखं, मुदत संपली की गेलं.

मग मेमरी स्वस्त झाली. २००२ साली एमआयटीच्या ब्रायन फोर्ड यांनी पॅकरॅट पार्सिंग मांडलं. पॅकरॅट म्हणजे सापडेल ते बिळात साठवणारा उंदीर. यात सगळा मजकूर हाताशी ठेवायचा आणि कुठल्या जागी काय ओळखलं तेही लिहून ठेवायचं, म्हणजे परत आल्यावर तीच मेहनत पुन्हा नको. पायथनने २०२० साली, ३.९ आवृत्तीत, आपला जुना पार्सर बदलून मागे जाऊ शकणारा नवा पार्सर आणला. म्हणजे टिफ्रॅकच्या काळात जी चैन होती, ती आज रोजची सोय झाली.

आता माझी फजिती. अंधेरीत नोकरी, लोकांच्या नावांची एक भली मोठी मराठी फाइल, आणि पार्सर मी लिहिलेला. फाइल तुकड्यातुकड्यांत वाचत होतो. नवा तुकडा आला की जुना फेकून द्यायचो. एक दिवस टेस्टिंगवाल्या ताई म्हणाल्या, "अरे, या यादीत वडील क्षीरसागर आणि मुलगा नुसता सागर कसा?"

झालं असं होतं: आडनाव नेमकं दोन तुकड्यांच्या सीमेवर आलेलं. पार्सरने एक पर्याय करून पाहिला, जमला नाही, म्हणून तो आडनावाच्या सुरुवातीला परत निघाला. पण 'क्षीर' तर मी फेकून दिलेलं! स्ट्रीमने त्याला नव्या तुकड्याच्या सुरुवातीला आणून सोडलं. एरर नाही, क्रॅश नाही, कारण 'सागर' हेही खरंखुरं नाव आहे. ताईंनी पाहिलं नसतं तर कुणाच्या तरी कागदपत्रांवर दुसऱ्याचंच आडनाव गेलं असतं. त्या रात्री बोरिवली लोकलमध्ये डोक्यात तेवढंच चालू होतं.

दुरुस्ती साधी निघाली. स्ट्रीमला पाच कामं दिली: पुढचं अक्षर दे, नुसतं डोकावून दाखव, खूण कर, खुणेवर परत जा, आणि खूण सोडून दे. हे पाचवं काम मी आधी विसरलो होतो. सगळ्यात जुनी खूण जिवंत आहे तोवर तिथून पुढचं काहीही फेकायचं नाही. ती सुटली की मेमरी मोकळी. खूण फेकलेल्या भागातली निघाली, तर गप्प न बसता जोरात ओरडायचं.

आणि खूण कुठे करायची? टीआयएफआरमधून १९८५ साली एनसीएसटी ही संस्था वेगळी झाली, जुहूला. तिथे काम केलेले र. कृ. जोशी यांनी मंगल हा फॉन्ट घडवला, विंडोजमध्ये आपण वर्षानुवर्षं पाहिला तो. फोनवर 'कि' टाइप करून बघा. क आधी दाबता, वेलांटी नंतर, पण दिसते मात्र डावीकडे. साठवणुकीतही ती क नंतरच असते. म्हणजे दाखवणाऱ्यालाही अख्खं अक्षर हातात येईपर्यंत थांबावं लागतं. मराठीत खूण क आणि वेलांटीच्या मधे केलीत, तर परत आल्यावर हातात नुसती लोंबकळणारी वेलांटी येईल. म्हणून खूण अख्ख्या अक्षराच्या सुरुवातीलाच.

शेवटचं एक. रिसेट फक्त वाचन मागे नेतो. दरम्यान डेटाबेसमध्ये नाव लिहून टाकलं असेल, तर ते तिथेच राहतं. म्हणून अर्थ पक्का होईपर्यंत लिहायचं नाही, आधी पूर्ण वाचायचं.

पत्र वाचलं म्हणजे नेमकं काय झालं, हे वाक्य संपल्यावरच कळतं ना? भेटू पुढच्या भागात!