मराठवाड्यातील ‘चान्या’ : एका उपेक्षित पदार्थाचा इतिहास

नांदेड-लातूर परिसराच्या इतिहासलेखनात निजामी राजवट आणि १९४८ ची पोलीस कारवाई यांना मोठे स्थान मिळाले. दलितांच्या चुलीची नोंद मात्र अभावानेच आढळते. ‘चान्या’ हे तिचे ठळक उदाहरण होय.

मोठ्या जनावराच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून त्या दोरीवर उन्हात वाळवीत. मांस एकाच वेळी पुष्कळ हाती येई आणि ते टिकविण्यास उन्हाखेरीज साधन नसे. टंचाईच्या दिवसांत या पट्ट्यांचे तुकडे निखाऱ्यावर भाजत, किंवा कांदा, लाल तिखट व येसूर घालून त्यांचा रस्सा करीत. (मिरची स्वतः पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आलेली, हे आपण सहसा विसरतो.)

मृत जनावर ओढणे व त्याचे मांस खाणे हे गावगाड्याने लादलेले होते. मार्च १९२७ मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी ते सोडण्याचे आवाहन केले. म्हणूनच या पदार्थाच्या स्मृतीत चव आणि अवमान एकत्र नांदतात. त्याविषयी निव्वळ अभिमानाने लिहिणे प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील दलित खाद्यसंस्कृतीची सविस्तर नोंद केली.

त्याच वर्षी गाईंपुरती असलेली १९७६ च्या कायद्यातील हत्याबंदी बैल व वळूंनाही लागू झाली. कायद्याच्या चौकटीत चान्या करावयाच्या, तर म्हैस वा रेडा एवढाच पर्याय उरतो.